डनफाऱ्याचा वेढा कोणी उठवला

डनफारा किल्ल्याला पडलेला वेढा पाचशे ब्याण्णव वर्षं झाली तरी उठलेला नव्हता, त्यामुळे तो किल्ला पाहायला जाणाऱ्या प्रत्येक माणसाची नोंद एक तर वेढलेल्यांमध्ये व्हायची, नाही तर वेढा घालणाऱ्यांमध्ये. स्कॉटलंडच्या उत्तरेला हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. साताऱ्याच्या शैलजा फडतरे यांना ते ठाऊक नव्हतं, आणि त्यांचे यजमान जयवंतराव यांनी डनफाऱ्यावरची तीन पुस्तकं वाचून त्यांतलं नेमकं हेच पान सोडलं होतं.

जयवंतराव बांधकाम खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेले. गेल्या तेहतीस वर्षांत त्यांनी दोनशे बारा किल्ले पाहिले होते, तेही बहुतेक रविवारी, आणि दुर्गमंडळाच्या मित्रांबरोबर. शैलजाबाईंनी या दोनशे बारांपैकी एकही पाहिला नव्हता. त्यांनी पहाटे उठून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती, ती दोनशे बारा वेळा. "तुझ्या गुडघ्यांना झेपायचं नाही," असं जयवंतराव म्हणायचे. हे त्यांनी म्हणायला सुरुवात केली तेव्हा शैलजाबाई अठ्ठावीस वर्षांच्या होत्या आणि गुडघ्यांची काही तक्रार नव्हती. पुढे ती सुरू झाली, आणि मग जयवंतरावांचं म्हणणं आपोआप खरं ठरलं.

निवृत्तीनंतर दोघं स्कॉटलंडला गेले, भाड्याची गाडी घेऊन, पंधरा दिवसांसाठी. गाडी जयवंतराव चालवत. फोनवरचा नकाशा शैलजाबाईंच्या हातात असे. रस्ता बरोबर लागला तर तो जयवंतरावांचा अंदाज असे, चुकला तर शैलजाबाईंचं लक्ष कुठे होतं हा प्रश्न असे. तीस सप्टेंबरला ते डनफाऱ्याला पोचले तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती. साडेचारला दरवाजा बंद होतो, अशी पाटी होती. वाटेत जयवंतरावांनी एका पडक्या तटाचे फोटो काढण्यासाठी पाऊण तास घालवला होता.

"तू उतर आणि तिकिटं काढून ठेव, मी गाडी लावून आलोच," जयवंतराव म्हणाले.

शैलजाबाई उतरल्या आणि दरवाजातून आत गेल्या. आत लोकरी स्वेटर घातलेली, कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावलेली एक वृद्ध बाई एका जाडजूड रजिस्टरापुढे बसली होती. तिने शैलजाबाईंना नाव विचारलं. अभ्यागतांची वही असेल, असं समजून त्यांनी ते अक्षर-अक्षर करून सांगितलं आणि सही केली. दोन तिकिटंही घेतली. मग घंटा झाली, लोखंडी पट्ट्यांचा दरवाजा खाली आला आणि बाईने रजिस्टर मिटलं.

त्या बाईचं नाव मिसेस ऑगिल्वी. त्या किल्लेदार होत्या. त्यांनी शैलजाबाईंना चहा दिला आणि शांतपणे सगळी परिस्थिती समजावून सांगितली. एप्रिल ते सप्टेंबर या काळात दोन्ही बाजूंमध्ये रोज दहा ते साडेचार तह असतो. त्या वेळात कुणीही यावं, किल्ला पाहावा आणि जावं. तहाची वेळ संपली की जो आत असेल तो शिबंदीतला, आणि जो बाहेर गाडीतळावर असेल तो वेढ्यातला, कारण गाडीतळ जुन्या छावणीच्याच जागेवर आहे. एरवी चुकून कुणी अडकलं तर दुसऱ्या दिवशी दहाला सुटतं. पण तीस सप्टेंबरला हंगाम संपतो. आता पुढचा तह एक एप्रिलला.

आपले यजमान बाहेर आहेत आणि त्यांचंही तिकीट काढलेलं आहे, असं शैलजाबाईंनी सांगितलं. मिसेस ऑगिल्वींना वाईट वाटलेलं दिसलं. ते तिकीट पुढच्या हंगामातही चालेल, असं त्या म्हणाल्या.

एप्रिलच्या आधी सुटायचे दोनच मार्ग होते. एक तर किल्ला शत्रूच्या स्वाधीन करायचा, नाही तर शत्रूने वेढा उठवायचा. दोन्ही बाजूंकडे त्यासाठीचे कागद तयार होते. त्यावर सही कुणी करायची, हेही ठरलेलं होतं. रजिस्टरात ज्याचं नाव शेवटचं, त्याने. ज्याने किल्ल्याचं अन्न सगळ्यांत कमी खाल्लंय, तोच निर्मळ मनाने निर्णय देऊ शकतो, असा त्यामागचा विचार होता. आतल्या रजिस्टरात शेवटचं नाव शैलजा जयवंत फडतरे यांचं होतं. बाहेरच्या रजिस्टरात ते कुणाचं असेल, याचा अंदाज त्यांना चहा संपायच्या आतच आला.

तो बरोबर होता. गाडीतळावरच्या यंत्रातून जयवंतरावांनी चिठ्ठी घेतली होती आणि तिच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत भरतीच्या अटी छापलेल्या होत्या. वेढ्याचे प्रमुख मिस्टर टेट म्हणून होते. त्यांनी ती चिठ्ठी पाहिली, जयवंतरावांना चकाकत्या पट्ट्यांचं हिरवं जाकीट दिलं आणि त्यांचा तंबू दाखवला. वेढ्यात त्यांच्याखेरीज आणखी दोघं होते, दोघंही सत्तरीच्या पुढचे.

दोन्ही बाजूंना बोलायचं असेल तर रोज अकरा ते सव्वाअकरा, दरवाजातल्या छोट्या खिडकीशी, पांढरं निशाण लावून. दुसऱ्या दिवशी शैलजाबाई अकराला पाच कमी असतानाच तिथे जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि गुडघ्याचा पट्टा गाडीतल्या बॅगेत होता. त्यांचा फोन परदेशात चालत नव्हता, कारण दोघं एकत्रच तर असणार, मग दोन फोन कशाला, असं जयवंतरावांनी निघतानाच ठरवलं होतं. दगडी खोलीतल्या खाटेवर, तीन घोंगड्या अंगावर घेऊन त्या झोपल्या होत्या. आपण कशा आहोत हे आता विचारलं जाईल, असं त्यांनी धरलं होतं.

खिडकी उघडली. हिरव्या जाकिटात जयवंतराव उभे होते.

"आत विहीर आहे का गं?" त्यांनी विचारलं.

शैलजाबाईंनी रिकामा हात खिडकीतून पुढे केला.

"आणि बुरूज? पुस्तकात सात दिलेत, मला बाहेरून पाचच दिसतात. मोजलेस का?"

"माझ्या गोळ्या गाडीत राहिल्यात," शैलजाबाई म्हणाल्या.

"हो, हो, आणतो. पण बुरूज किती आहेत?"

शेजारी टेट वही घेऊन उभे होते. वेढलेल्या किल्ल्यात रसद पोचवणं हा वेढ्यातल्या माणसाने केलेला द्रोह ठरतो, असं त्यांनी नम्रपणे सांगितलं. औषधांना मात्र एका जुन्या करारानुसार सूट होती. गुडघ्याचा पट्टा देता येणार नव्हता. तो चिलखतात मोडतो.

जयवंतरावांनी मान डोलावली. मग त्यांनी घसा साफ केला. कार्यालयात ठेकेदारांशी बोलताना जसा करायचे, तसा.

"हे बघ, टेटने मला सगळं सांगितलंय. तू किल्ला स्वाधीन केल्याच्या कागदावर सही करून टाक. एका सहीचं काम. चार तारखेचं विमान आहे आपलं."

"सही तुम्हालाही करता येते. वेढा उठवल्याची."

वेढा उठवायचा म्हणजे माघार घ्यायची, हे जयवंतरावांनी समजावून सांगितलं. ते रजिस्टरात कायमचं राहणार. त्याचे फोटो लोक काढणार. साताऱ्यात दुर्गमंडळाचा अध्यक्ष म्हणून त्यांना चार माणसं ओळखतात. पाचशे ब्याण्णव वर्षं टिकलेला वेढा फडतऱ्यांनी उठवला, हे त्यांच्या कानावर गेलं तर तोंड कुठे दाखवायचं?

"आणि माझ्या नावाचं?"

"तुझं काय? तुला कोण विचारणार आहे?"

हे ते रागाने म्हणाले नाहीत. रस्त्याला खड्डा आहे, असं सांगावं तितक्या सहज म्हणाले. शैलजाबाईंनी खिडकी लावून घेतली. सव्वाअकराला अजून सहा मिनिटं होती. टेट यांनी वहीत बोलणी फिसकटल्याची नोंद केली.

त्या संतापाने शैलजाबाईंना दुपारी जेवणही गेलं नाही. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात त्यांनी एकोणतीस वर्षं नोकरी केली होती. हक्कसोडपत्रं नोंदवायला बायका यायच्या, डोक्यावरचा पदर सावरत, भावाच्या नाही तर नवऱ्याच्या मागून. शैलजाबाई प्रत्येकीला विचारायच्या, बाई, कागद वाचलात का? उत्तर बाईकडून कधी येत नसे. मागून पुरुषाचा आवाज येई, वाचलाय तिने. मग अंगठ्याला शाई लागे. असे हजारो अंगठे त्यांनी पाहिले होते, आणि दरवेळी आपण फक्त विचारतो, थांबवत नाही, याची चीड मनात घेऊन घरी आल्या होत्या.

स्वाधीननाम्याचा कागद त्यांनी मागून घेतला आणि तीनदा वाचला. सही झाल्यापासून तासाभरात शिबंदीने किल्ला सोडायचा, हातात मावेल तेवढंच सामान घेऊन, असं त्यात होतं. मिसेस ऑगिल्वी सव्वीस वर्षांपूर्वी शाल घ्यायला म्हणून बसमधून उतरल्या होत्या आणि तेव्हापासून तिथेच होत्या. एप्रिल आला की दरवाजा उघडायचा, पण त्यांचा पाय निघत नसे. स्वयंपाकी ह्यू यालाही चौदा वर्षं झाली होती. तुम्ही जे ठरवाल ते आम्हाला मान्य आहे, असं दोघांनीही सांगितलं. त्यांनी जराही गळ घातली नाही. ह्यूने एवढंच विचारलं की, आजचा दिवस नसेल तर बरं होईल, कारण तटाखालच्या वाफ्यात त्याने कालच लसूण लावला होता.

संध्याकाळी किल्ल्याच्या फोनवरून शैलजाबाईंनी पुण्याला मुलीला फोन लावला. केतकी म्हणाली, आई, करून टाक सही, तेवढ्यासाठी कशाला ताणायचं, बाबांना उगाच बीपीचा त्रास होईल. बीपीचा त्रास मला आहे, त्यांना नाही, असं सांगून शैलजाबाईंनी फोन ठेवला.

चार तारखेचं विमान वेळेवर सुटलं. पाच तारखेला, वेढ्याचा कारभार पाहणाऱ्या वेढा मंडळाकडून दोन्ही बाजूंना एकच पत्र आलं. लष्करी कारवाईत गुंतलेल्या व्यक्तींना कारवाई संपेपर्यंत देशाबाहेर घालवता येत नाही, म्हणून दोघांच्या व्हिसाची मुदत वाढवण्यात आली होती. भाड्याची गाडी वेढ्याचं यंत्र म्हणून ताब्यात घेतल्याचं गाडीच्या मालकांना कळवण्यात आलं होतं. जयवंतरावांना तिच्यातून पेट्रोल भरण्यापुरतं बाहेर जाता येई, पण तोंड किल्ल्याकडेच ठेवून ती पुन्हा उभी करावी लागे.

आठवड्यातून एक तरी चढाई झाली नाही तर वेढा मोडला असं धरतात. म्हणून दर मंगळवारी अकराला बोलण्यांऐवजी चढाई असे. टेट यांना संधिवात होता आणि बाकीच्या दोघांना शिडीवर चढायला डॉक्टरांनी मनाई केली होती. त्यामुळे पहिल्याच मंगळवारी जयवंतरावांना पुढे व्हावं लागलं. खरं तर त्यांना ते आवडलं. ॲल्युमिनियमची शिडी तटाला लावली गेली. ते एकेक पायरी चढत मध्येच थांबायचे, दगडावर हात फिरवायचे आणि खाली टेटना ओरडून सांगायचे की, इथे चुना वापरलेलाच नाही.

वर तटावर शैलजाबाई उभ्या होत्या. चढाई परतवण्याची जबाबदारीही शेवटच्या नोंदीचीच होती. त्यांच्यापुढे ओटच्या पेजेचं पातेलं होतं. पेज चाळीस अंशांच्या वर असता कामा नये, असा नियम होता. ह्यूने थर्मामीटर घालून पाहिला आणि छत्तीस म्हणून सांगितलं. पातेलं हातात घेताना शैलजाबाईंचा विचार होता की, ते घाबरले, थकले, किंवा नुसतं 'शैला' म्हणाले, तरी पेज शेजारी ओतायची. नियमात तेही चालत होतं. पेज ओतली पाहिजे एवढंच लिहिलेलं होतं, कुठे ते नव्हतं.

जयवंतरावांचं डोकं तटाच्या वर आलं. त्यांना धाप लागली होती. दोघांच्यामध्ये हातभर अंतर होतं. गेल्या आठवडाभरात ती दोघं इतकी जवळ आली नव्हती.

"जरा बाजूला हो," जयवंतराव म्हणाले. "विहीर दिसत नाहीये."

शैलजाबाईंनी पेज ओतली. सगळी ओतली, आणि तळाला लागलेली पळीने खरवडून तीही ओतली.

जयवंतरावांनी या प्रकाराबद्दल वेढा मंडळाकडे दोन पानी तक्रार केली. पेज ओतण्याला त्यांची हरकत नव्हती, ते युद्धाचं अंग आहे, पण तिच्यात मीठ होतं आणि ते डोळ्यांत गेलं. मंडळाने लिहून कळवलं की, मीठ घालायची इथली रीत आहे, साखर घातली असती तर तक्रारीचा विचार करता आला असता. हे उत्तर वाचून जयवंतराव फार चिडले. छावणीत त्यांनी टेटना सांगितलं की, तेहतीस वर्षांच्या संसारात या बाईने त्यांना उलट उत्तर दिलं नव्हतं. टेट यांनी विचारलं की, तुम्ही तिला काही विचारलं होतं का? हे सगळं टेटनीच पुढे खिडकीशी शैलजाबाईंना सांगितलं. नुसती माहिती म्हणून.

ऑक्टोबर संपत आला. वारा समुद्राकडून यायला लागला आणि तंबूचे दोर रोज नव्याने ताणावे लागू लागले. एका सकाळी वेढा उठवल्याचा कागद खिडकीतून आत आला. त्यावर जयवंतरावांची सही होती. मिसेस ऑगिल्वींना तो दोन्ही हातांत धरून उभं राहावंसं वाटलं, कारण त्या नमुन्यावर सही झालेली त्यांनी कधी पाहिली नव्हती. पण खाली आणखी एक रकाना होता. वेढा का उठवला याचं कारण वेढ्याने लिहायचं, आणि ते खरं आहे अशी सही किल्ल्याने करायची. त्याशिवाय कागद पुरा होत नव्हता.

कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, प्रतिकूल हवामान.

शैलजाबाईंनी चष्मा लावला आणि तटावर जाऊन आकाश पाहिलं. लख्ख ऊन पडलं होतं. त्यांनी कागदाच्या कडेला शेरा मारला, 'कारण वस्तुस्थितीशी जुळत नाही. फेरसादर करावे,' आणि तो परत पाठवला.

दुसऱ्या दिवशी नवा कागद आला. कारण होतं, अन्नाची टंचाई. आदल्या संध्याकाळी जयवंतराव गाडीच्या बॉनेटवर बसून चकल्यांचं पाकीट संपवत होते, हे शैलजाबाईंनी स्वतः तटावरून पाहिलं होतं. चकल्या त्यांनीच तळून आणल्या होत्या. तो कागदही परत गेला.

तिसऱ्या कागदावर होतं, कौटुंबिक कारणास्तव. हा मात्र शैलजाबाईंनी दिवसभर ठेवून घेतला. तो घेऊन त्या बुरुजावर जाऊन बसल्या, ह्यूच्या लसणाला फुटलेले कोंब पाहून आल्या, पुन्हा बुरुजावर गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्यावर लिहिलं, 'मोघम. स्पष्ट करावे.'

तेव्हा मिसेस ऑगिल्वी पहिल्यांदाच आपणहून काही बोलल्या. त्या म्हणाल्या, कारण थोडं इकडेतिकडे असलं तरी चालून जातं, मंडळ फार खोलात शिरत नाही. शैलजाबाई म्हणाल्या की, एकोणतीस वर्षं थोडं इकडेतिकडे चालवून घेतलं, आता नाही.

त्यानंतर चार दिवस काही आलं नाही. मंगळवारची चढाई झाली, पण जयवंतराव शिडीच्या तिसऱ्या पायरीवरून खाली उतरले आणि पेज रिकाम्या गवतावर पडली. पाचव्या दिवशी ते अकराच्या आधीच खिडकीशी येऊन उभे होते. हातात कागद होता, पण रकाना कोरा होता. दाढी वाढली होती. सव्वाअकराला सात मिनिटं असताना ते बोलले.

"गोळ्या मिळतात ना वेळेवर?"

"मिळतात. ह्यू आठवण करतो."

"आणि गुडघे?"

"पट्टा चिलखतात धरतात ना. तसंच चाललंय."

"टेट म्हणत होता, मोठ्या बुरुजाला अठ्ठावीस पायऱ्या आहेत."

"बेचाळीस," शैलजाबाई म्हणाल्या. "मी रोज चढते."

जयवंतरावांनी मान वर करून बुरुजाकडे पाहिलं, मग शैलजाबाईंकडे, मग पुन्हा बुरुजाकडे.

"काय लिहू मग?"

"खरं असेल ते लिहा."

त्यांनी कागद खिडकीच्या दगडावर ठेवला. मराठीत चालेल का, असं टेटना विचारलं. टेट म्हणाले की, वेढा सुरू झाला तेव्हा कामकाजाची भाषा ठरवायची राहून गेली होती, तेव्हा काहीही चालेल. जयवंतराव लिहायला लागले. दोन ओळी लिहायला त्यांना पाच मिनिटं लागली.

'किल्ला राखणारी माझ्यापेक्षा खमकी निघाली. तिला झेपणार नाही असं मी तेहतिस वर्षं म्हणत आलो, ते खोटं होतं.'

शैलजाबाईंनी ते उभ्या उभ्या दोनदा वाचलं. तेहतीसमधली चुकलेली वेलांटी दुरुस्त केली, दुरुस्तीपुढे आद्याक्षरं घातली आणि खाली सही केली. तेव्हा सव्वाअकराला एक मिनिट बाकी होतं.

दरवाजा वर गेला. जयवंतराव आत आले आणि ज्या विहिरीसाठी त्यांनी जीव टाकला होता ती शैलजाबाईंनी त्यांना नेऊन दाखवली. साधीच विहीर होती, वर जाळी घातलेली. ते म्हणाले, बरी आहे. टेट आणि त्यांचे दोघं सोबती एकोणीस वर्षांत पहिल्यांदा किल्ल्यात आले. बाहेरून मोठा वाटतो, असं टेट म्हणाले. ह्यूने सगळ्यांना लसणाची पात घालून बटाटे वाढले. मिसेस ऑगिल्वींनी रजिस्टरात तारीख घातली, तिच्याखाली रेघ मारली आणि नंतर बराच वेळ त्या टाक हातात धरून बसून राहिल्या.

संध्याकाळी वेढा मंडळाचं पत्र आलं. वेढा रीतसर उठल्याबद्दल मंडळाने समाधान व्यक्त केलं होतं. मात्र मंडळाच्या सनदेनुसार एक तरी वेढा सतत चालू ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक होतं. त्यामुळे कलम नऊप्रमाणे पुढचा वेढा, आधीचा वेढा ज्याने उठवला असेल त्याच्या राहत्या घराला, साठ दिवसांच्या आत घातला जाणार होता. जयवंतराव खवळले. हा शुद्ध अन्याय आहे, आपण वकील लावू, असं ते म्हणाले. शैलजाबाईंनी त्यांच्या भरतीच्या चिठ्ठीची मागची बाजू वाचून दाखवली. कलम नऊ तिथे होतं, आणि कलम दहाप्रमाणे चिठ्ठी घेणं म्हणजेच सही.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात टेट आणि दोघं सोबती साताऱ्याला आले. सोसायटीची सभा झाली. पार्किंगमध्ये तंबू ठोकायला पहिल्या मजल्यावरच्या घोरपड्यांनी कडक विरोध केला, कारण त्यांची स्कूटर तिथे असते. शेवटी स्कूटर जिन्याखाली घ्यायची, या अटीवर ना हरकत पत्र मिळालं. दूध आणि भाजी यांच्यासाठी सकाळी सहा ते आठ तह ठरला. आत दोनच माणसं असल्यामुळे रजिस्टर दोन ओळींतच भरलं. वेढ्याचा अनुभव पाहता किल्लेदार शैलजाबाईंनी व्हावं, असं टेटनीच सुचवलं. जयवंतराव शिबंदीत राहिले. दुर्गमंडळाने त्यांची अडचण समजून घेऊन नवा अध्यक्ष निवडला, आणि या गोष्टीचा त्यांना दोन दिवस राग आला.

चढाई मंगळवारी अकराला होते. शिडी गॅलरीला लावतात. पेज इथे कुणाला आवडत नाही, म्हणून शैलजाबाई कोमट कढी करतात. जयवंतराव थर्मामीटर धरतात. एका मंगळवारी टेट संधिवात असूनही स्वतः वर चढले आणि येताना वाटी घेऊन आले. अशी तरतूद नियमात आहे का, हे शैलजाबाईंनी तपासून पाहिलं. तशी बंदी नव्हती.

शनिवारी अकराला बोलणी असतात. या शनिवारी टेट पांढरं निशाण घेऊन जिना चढून आले, बेल वाजवली आणि घर स्वाधीन करण्याचा काही विचार आहे का, असं रिवाजाप्रमाणे विचारलं. जयवंतराव दार लोटून आत गेले. शैलजाबाई ताटात तूर निवडत होत्या. जयवंतरावांनी त्यांना विचारलं. त्यांनी ताटातून वर न बघता मान हलवली.

जयवंतराव दारात परत आले.

"आम्ही देत नाही," ते म्हणाले.

टेट यांनी वहीत तशी नोंद केली आणि ते जिना उतरून पार्किंगमध्ये गेले.